लिमिट बदलायच्या की परत एक्सवर यायचं?

गणित_मास्तर_सोलापूर: काल एका क्लासवाल्याची पोस्ट वाचली: ‘डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये (दोन लिमिटमधल्या इंटिग्रेशनमध्ये) सबस्टिट्यूशननंतर, म्हणजे एक्सच्या जागी टी धरल्यावर, लिमिट बदलत बसू नका, शेवटी टी काढून एक्स घाला, चूक होतच नाही.’ डोकं तापलं. ० ते २, २एक्स(एक्स² + १) चं इंटिग्रेशन घ्या. टी = एक्स² + १ धरलं की लिमिट १ आणि ५. टीचं इंटिग्रेशन टी²/२, त्यात घातल्या, १२ आले, संपलं. ० आणि २ या एक्सच्या लिमिट. टी आला की टीच्या लिमिट हव्यात. एवढं न कळता पोरं नुसती पाठ करतात.

जुळे_सोलापूरकर: सर, बारावीला मी ० आणि २ तशाच टीमध्ये घालायचो. तुमच्या गणितात माझं उत्तर २ आलं असतं. सगळे मार्क गेले. तेव्हापासून एक्सवर परत येतो. दोन ओळी वाढतात, पण जीव घाबरत नाही. क्लासवाला बरोबर आहे.

विणकराची_लेक: सीईटीला ९० मिनिटांत ५० गणितं, तिथं दोन ओळी कुठून आणणार? आणि क्लासवाल्यांचं कौतुक बास. बाबांनी रात्रपाळीला यंत्रमागावर उभं राहून फी भरली. क्लासात शिकवलं काय, तर ‘डिफरन्शिएशन म्हणजे उलटं इंटिग्रेशन, तेव्हा पर्यायांचं डिफरन्शिएशन करून बघ, प्रश्न परत येतो का.’ डेफिनिटमध्ये पर्याय म्हणजे नुसते आकडे, त्यांचं डिफरन्शिएशन शून्य! परीक्षेत बसले हात चोळत.

जुळे_सोलापूरकर: फीचा इथं काय संबंध? माझे वडीलपण मागावरच होते. क्लास नसता तर मी बारावी पास झालो नसतो.

विणकराची_लेक: संबंध आहे. पैसे घेऊन युक्त्या विकल्या, गणित नाही. तुमचं भलं झालं म्हणून माझं वर्ष परत येत नाही.

रात्री_अभ्यास: भांडण थांबवा, हे सोडवा. ० ते पाय (π), १/(१ + साइन² एक्स) चं इंटिग्रेशन. टी = टॅन एक्स धरा. दोन्ही लिमिट ०, उत्तर ०. फंक्शन सगळीकडे धन असताना शून्य कसं? एक्सवर परत आलात तरी शून्यच, कारण टॅन पाय/२ ला तुटतो, तिथं त्याला किंमतच नाही. ० ते पाय/२ काढून दुप्पट करा: पाय भागिले √२. दोघांचीही पद्धत इथं फसते.

गणित_मास्तर_सोलापूर: मान्य करावं लागेल. वर्गात ‘लिमिट बदला’ म्हणत आलो, ‘टी मध्येच तुटतो का बघा’ हे सांगायचं राहिलं. उद्या सांगतो. पण साध्या गणितात एक्सवर परत जाणं मला पटलेलं नाही.

जुळे_सोलापूरकर: तुटतो का ते मीही बघेन. पण सर, जाणार मी एक्सवरच.