ग्राउंड प्लेन चिरायचं की अखंड ठेवायचं?

अखंड_तांबं: मिक्स्ड सिग्नल (अॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही असलेला) बोर्ड म्हटलं की एजीएनडी आणि डीजीएनडी, म्हणजे अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड, वेगळे करून ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा सलग तांब्याचा थर) मधोमध चिरायचंच, हे कितीतरी जणांच्या डोक्यात घट्ट बसलंय. माझं स्पष्ट मत : एटमेगा३२८पी किंवा एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या साध्या बोर्डावर चिरू नका. काहीशे किलोहर्ट्झच्या वर रिटर्न करंट ट्रेसच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेच्या) बरोबर खालून परत येतो. ट्रेस चिरेवरून नेलात की त्याला वळसा पडतो, लूप फुगतो आणि बोर्ड चक्क अँटेना होतो. रिले आणि बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय) एका टोकाला, सेन्सर दुसऱ्या टोकाला, खाली सलग तांबं. संपलं.

फेरिकवाला: अहो, फेरिक क्लोराइडमध्ये नको ते तांबं विरघळवून एकाच बाजूचा (सिंगल साइड) बोर्ड बनवणाऱ्याने प्लेन आणायचं कुठून? आमच्याकडे स्टार ग्राउंडच चालतो, म्हणजे प्रत्येक भागाची ग्राउंड वायर वेगळी नेऊन एकाच बिंदूला जोडायची. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि ५ व्होल्टचा रिले एकाच ग्राउंड वायरवर लावून बघा. कॉइल ७० मिलिअँप खाते. जंपर आणि त्याचे सैल कॉन्टॅक्ट मिळून ०.१ ओहम धरा, झाले ७ मिलिव्होल्ट. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे रिले ओढला की खोली जवळपास पाऊण अंशाने 'तापते'! इथे तुमचं हाय फ्रिक्वेन्सी पुराण काय कामाचं? हा सरळ डीसी ड्रॉप आहे.

अखंड_तांबं: हिशोब बरोबर, निदान चुकीचं. दोष सामायिक वायरचा. रिलेची ग्राउंड वायर थेट सप्लायपर्यंत वेगळी न्या.

फेरिकवाला: मग स्टार म्हणजे दुसरं काय असतं हो?

पिन_सात_आठ: तुम्ही दोघे भांडा, पण इथे टाकलेल्या निम्म्या फोटोंत चिपचा सप्लाय स्थिर ठेवणारा १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर ब्रेडबोर्डच्या पार टोकाला रेलवर लटकलेला असतो. ढोबळमानाने दर मिलिमीटर वायरला एक नॅनोहेन्री इंडक्टन्स, मग तो कॅप आहे काय, नाही काय! एटमेगा३२८पीच्या डिप पॅकेजमध्ये (ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या दोन ओळी पिनांच्या चिपमध्ये) व्हीसीसी म्हणजे सप्लाय पिन ७ वर, ग्राउंड ८ वर, अगदी शेजारी. दुसरा कॅप एव्हीसीसी (अॅनालॉग भागाचा सप्लाय) २० आणि ग्राउंड २२ मध्ये. शिवाय डेटाशीटच सांगते, एव्हीसीसीला १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरमधून सप्लाय द्या. हे न करता प्लेनवर वाद घालण्यात काय अर्थ आहे?

नवशिका_एव्हीआर: मी १००, १० आणि १ नॅनोफॅरड असे तीन लावतो. जास्त सुरक्षित ना?

पिन_सात_आठ: उगाच. वेगवेगळ्या किमतींचे कॅप एकमेकांशी रेझोनन्स करतात आणि मधल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्स उलट वाढतो. एकच एक्स७आर सिरॅमिक कॅप लावा, पण पिनला चिकटून.

अखंड_तांबं: कॅपबद्दल दुमत नाही. पण त्याचं दुसरं टोक कुठे जातं? लांबलचक बारीक ग्राउंड ट्रेसवर गेलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून म्हणतो, दोन लेयरचा बोर्ड मागवा. आता कुठे महाग राहिलेत?

फेरिकवाला: महाग नाहीत, उशिरा येतात. आम्हाला शनिवारी सुचलेलं रविवारी चालवायचं असतं. स्टार ग्राउंड, पिनवर कॅप, रिलेवर उलटा डायोड; एडीसीचं (अॅनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचं) रीडिंग स्थिर आहे. प्लेन तुम्हीच मागवा.