अंतर-काल आलेखातला चढ: आडवी रेष म्हणजे काय?

प्रश्न (पालक, मानेवाडा)
मुलगी नववीत आहे. वर्धा रोडवरच्या सायकलस्वाराचा आलेख दिलाय: 10 मिनिटांत 3 किमी, 14व्या मिनिटापर्यंत रेष आडवी, 24व्या मिनिटाला 5 किमी. आडव्या भागात सायकल एकसारखी चालतेय, असं ती म्हणते. सरासरी चाल तिने 10 किमी/तास काढली, उत्तर 12.5 आहे. कुठं चुकतंय?

उत्तर 1
ती अंतर-काल आलेख चाल-काल आलेखासारखा वाचतेय. ही चूक फार मुलं करतात, म्हणून प्रश्न हातात आला की आधी Y-अक्षावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला लावा. इथे Y-अक्षावर अंतर आहे. 10 ते 14 मिनिटं अंतर 3 किमीच राहिलं, म्हणजे सायकल उभी आहे.

चढ म्हणजे अंतरातला फरक भागिले वेळेतला फरक, आणि तीच चाल.
पहिला तुकडा: 3 ÷ 10 = 0.3 किमी/मिनिट, गुणिले 60, म्हणजे 18 किमी/तास.
तिसरा: (5 − 3) ÷ (24 − 14) = 0.2, म्हणजे 12 किमी/तास. इथे 5 ÷ 24 केलं की घोळ होतो.

सरासरीला मात्र एकूण अंतर भागिले एकूण वेळ: 5 ÷ 24 × 60 = 12.5. तिने बहुधा 18, 0 आणि 12 यांची बेरीज करून 3 ने भागलं. तिन्ही तुकड्यांचा वेळ सारखा नसताना ते चालत नाही. थांबा फक्त 4 मिनिटांचा आहे.

उत्तर 2
चढ मोजायला रेषेला कोनमापक लावू देऊ नका. Y-अक्षावर 1 सेमी = 1 किमी घेतलं तर पहिला तुकडा 3 सेमी चढतो, 1 सेमी = 0.5 किमी घेतलं तर 6 सेमी. रेष जास्त उभी दिसते, चाल तीच राहते. दोन आलेखांची तुलना प्रमाण सारखं असेल तरच नजरेने करायची. प्रमाण वरच्या कोपऱ्यात लिहायला विसरू नये.

पालक
आणि रेष खाली उतरली तर?

उत्तर 1
कापलेलं एकूण अंतर कमी होत नाही, म्हणून या आलेखात ती उतरणारच नाही. उतरत असेल तर Y-अक्षावर सुरुवातीच्या जागेपासूनचं अंतर असतं, आणि सायकल परत येतेय.