मदत हवी आहे: वॉचपॉइंट लावला की कर्नल गोठतो

अर्धविराम: स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लिहितोय. डीबग एक्सेप्शनचा हँडलर (प्रोसेसर मध्येच थांबला की चालणारा कोड) आहे, सिंगल स्टेप (एकेक सूचना चालवणं) झकास चालतं. पण हार्डवेअर वॉचपॉइंट (ठरावीक पत्त्याला हात लागला की डीबग एक्सेप्शन उडवणारा सापळा) लावला की सगळं ठप्प. सिरियल पोर्टवर एक अक्षर येत नाही. जरा लवकर सांगा, डोकं फिरलंय.

शून्यवादी: प्रोसेसर कुठला? ३२ की ६४ बिट? वॉचपॉइंट नेमका कशावर? इथे कुणी अंतर्ज्ञानी नाही.

अर्धविराम: ६४ बिट एक्स८६, अजून काय असणार! करंट टास्कच्या (सध्या चालू कामाच्या) पॉइंटरवर, रीड-राइट.

जुनंखोड: हँडलरला आयएसटी (एक्सेप्शनसाठी राखून ठेवलेला वेगळा स्टॅक) दिलाय? काढून टाका. एक्सेप्शनच्या आत एक्सेप्शन आलं की तोच स्टॅक पुन्हा वरपासून वापरला जातो, आधीची फ्रेम (तिथे जपलेली स्थिती) पुसली जाते.

अर्धविराम: काढला. आता गोठत नाही, थेट रीबूट. वा!

शून्यवादी: जुनंखोड, काहीही काय सांगताय? यूजरने मूव्ह एसएसला (स्टॅक सेगमेंट बदलणाऱ्या सूचनेला) लागून सिसकॉल (कर्नलला हाक) केला, तर अडून राहिलेला वॉचपॉइंट कर्नलमध्ये पाऊल पडताच उडतो. तेव्हा आरएसपी (स्टॅक पॉइंटर) यूजरचाच असतो, म्हणून आयएसटी हवाच. सीव्हीई-२०१८-८८९७ ही नोंदलेली सुरक्षा-त्रुटी हीच. सीएस (कर्नल चालतोय की यूजर ते सांगणारं रजिस्टर) बघून स्वॅपजीएस (जीएस रजिस्टर यूजरचं-कर्नलचं अदलाबदल करणारी सूचना) ठरवत असाल तर तिथेही फसाल: सीएस कर्नलचा, जीएस यूजरचा.

जुनंखोड: त्याला पॅच येऊन जमाना झाला.

शून्यवादी: लिनक्सला आला. यांच्या कर्नलला कोण देणार?

कोडेकर: रस्ट भाषेत लिहा, हे प्रश्नच येणार नाहीत.

शून्यवादी: रस्टच्या कंपायलरला डीआर७ (वॉचपॉइंट चालू-बंद करणारं रजिस्टर) कधीपासून दिसायला लागला?

निमूट: भांडण बाजूला ठेवा. हँडलर आत शिरताच करंट टास्क वाचतो ना? मग तोच वॉचपॉइंट पुन्हा पेटतो. आयएसटी असताना स्टॅक दर वेळी वरपासून, म्हणून न संपणारा फेरा. नसताना स्टॅक संपतो, डबल फॉल्ट (एक्सेप्शन हाताळतानाच दुसरं), मग ट्रिपल, म्हणून रीबूट. आयएसटी परत लावा. एंट्रीला, बाकी कशालाही हात लावण्याआधी, डीआर७ वाचून ठेवा आणि शून्य करा. अगदी शेवटी परत भरा. लिनक्सही २०२०च्या ५.८ पासून हेच करतो. डीआर६ (कुठला वॉचपॉइंट पेटला ते नोंदवणारं रजिस्टर) पण साफ करा, प्रोसेसर आपणहून करत नाही.

अर्धविराम: चाललं!! पण दुसऱ्या कोअरवर काहीच होत नाही.

निमूट: डीबग रजिस्टरं दर कोअरची आपापली. आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून प्रत्येकावर भरा. आणि करंट टास्क पर-सीपीयू (दर कोअरची वेगळी प्रत) असेल ना? मग पत्ता कुठल्या कोअरचा देताय?