लंडन ते मुंबई : एकट्याने गाडी चालवत घरी येताना

व्हिसा आणि पैसे असले की लंडनहून मुंबईला एकट्याने गाडीने येता येते, असे म्हटले जाते. त्यात भर घालावीशी वाटते. किर्गिझस्तानातून इर्केश्तामची खिंड ओलांडून चीनमध्ये शिरताना तिथला तात्पुरता परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट तर लागतेच, शिवाय संपूर्ण प्रवासात अधिकृत मार्गदर्शक सोबत ठेवावा लागतो. म्हणजे प्रवासाचा हा मोठा टप्पा कायद्यानेच एकट्याचा राहत नाही.

दुसरी गोष्ट कार्नेची. परदेशी नोंदणीची गाडी नेपाळ आणि भारतात तात्पुरती आणण्यासाठी हे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते. प्रत्येक देशात प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही शिक्के पानावर उमटले आहेत की नाहीत, हे चालकाने जागच्या जागी तपासावे, कारण बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी त्या देशातच विकली असावी असे गृहीत धरून सीमाशुल्काची मागणी होऊ शकते. कितीही थकवा असला तरी नेपाळ-भारत सीमेवरच्या सोनौलीच्या गर्दीत ही घाई करू नये. घरी पोहोचल्यावरही कार्नेवरची गाडी मुदतीत भारताबाहेर न्यावीच लागते, आणि एवढी सोबत केलेल्या गाडीच्या बाबतीत हे फार जड जाते.

जुलै 2025 च्या पुरात नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला होता, त्यामुळे तिबेटमधल्या केरुंगमार्गे नेपाळमध्ये येणाऱ्यांनी तिथल्या वाहतुकीची खात्री ल्हासा सोडण्यापूर्वीच करून घ्यावी.