ब्रेक पॅड घरी बदलणारे बेजबाबदार? मग माझंही ऐका

तेराचा_पाना (चिपळूण)
काल इथे एकाने लिहिलं की ब्रेकला घरी हात लावणारा माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळतो, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि पॅड (तिला दाबून गाडी थांबवणारे तुकडे) बदलणं हे फक्त गॅरेजचंच काम. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक दाबला की माझं स्टिअरिंग थरथरायचं. दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क बदलल्याचे पैसे भरले होते. घरी चाक काढलं तर डिस्क जुन्याच! काठाला नख अडकेल एवढी कड, म्हणजे आतला भाग झिजून खाली गेलेला. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या, एक तर जाम. त्यामुळे आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेलं.

मग नवीन डिस्क आणि पॅड आणून स्वतः बसलो. मागच्या चाकांना दगड, जॅक, जॅकखेरीज स्टँड. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबू न देता तारेने स्प्रिंगला बांधला. हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढला, कारण तो राहिला तर नवी डिस्कसुद्धा तिरकी बसते आणि थरथर परत येते. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसलं. पिनांना सिलिकॉन ग्रीस. नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारलं. दोन चाकांना पाच तास लागले. आता सांगा, जिवाशी कोण खेळलं?

गॅरेजवाला_सांगली
दादा, ते बिल ज्याने केलं तो चोर. त्याचं पाप आम्हा सगळ्यांच्या माथी मारू नका. २२ वर्षं हेच काम करतोय. रविवारी घरी केलेली कामं सोमवारी माझ्या दारात येतात. एकाने पॅड उलटं बसवलं होतं, लोखंडी पाठ डिस्कवर! एकाने पिनांना साधं ग्रीस फासलं, रबरं फुगून कॅलिपर धरून बसला. जॅकवरची गाडी घसरून एकाचा हात थोडक्यात वाचला. आणि हल्ली नवीनच, गिऱ्हाईक पॅड ऑनलाइन मागवून आणतं, मजुरीत घासाघीस करतं आणि आवाज आला की आमच्या नावाने शिमगा.

डिस्कची जाडी कशाने मोजलीत?

तेराचा_पाना
व्हर्निअरने. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या जेमतेम वर भरली. पण कड आणि चरे बघून बदलल्याच.

गॅरेजवाला_सांगली
तिथेच चुकलात. व्हर्निअरचे जबडे कडेवर टेकतात, झिजलेल्या भागाला लागतच नाहीत. तुम्ही डिस्क मोजली नाही, कड मोजली. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजायचं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची.

तेराचा_पाना
बरोबर आहे. आज जुन्या डिस्कवर नाणी धरून परत मोजलं. मर्यादेच्या खालीच होती. तुमचं हे मान्य. पण तुम्ही मला जे दोन ओळींत शिकवलंत ते त्या गॅरेजने पैसे घेऊनही केलं नाही, हेही तुम्ही मान्य करा.

कोथरूड_बी_विंग
आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये साधी स्टेपनी बदलली तरी वॉचमन शिट्टी मारत येतो. घरी काम करा म्हणणाऱ्यांकडे अंगण आहे, हे आधी लक्षात घ्या.

आंबा_घाट_रोज
मुळात एवढी झीज होतेच कशी? मी १५ वर्षं कोल्हापूर–रत्नागिरी करतोय. घाट लागला की न्यूट्रल, आणि हलका ब्रेक. डिझेल वाचतं, गाडीला काही होत नाही. हे सगळं डिस्कपुराण ज्यांना चालवता येत नाही त्यांचं.

माहेर_महाड
न्यूट्रल? वाचून अंगावर काटा आला. माझे बाबाही हेच म्हणायचे. भोरहून वरंधा उतरताना आधी जळका वास आला, मग पेडल थेट तळाला गेलं. मी मागच्या सीटवर होते, भाऊ मांडीवर. बाबांनी गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली म्हणून आज लिहितेय. नंतर कळलं, ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार) साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलं की तेच १४० वर. तापून वाफ झाली की पाय दाबतो ती वाफ, ब्रेक नाही. दर दोन वर्षांनी ते बदला, पॅड घरी बदला नाहीतर गॅरेजात.

आंबा_घाट_रोज
ताई, तुमच्या वडिलांचं ऑइल जुनं होतं, त्यात न्यूट्रलचा काय दोष? पुस्तकी ज्ञान सांगू नका.

तेराचा_पाना
पुस्तकी नाही हो! गिअरमध्ये गाडीला इंजिन अडवतं. न्यूट्रलमध्ये घाटाचा सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर. आणि डिझेलचं म्हणाल, तर आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. तुम्ही १५ वर्षं वाचवलं नाही, जाळलंत.

कोथरूड_बी_विंग
पुण्यात कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतारावरून येऊन बघा एकदा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे कितीतरी गाड्या ठोकल्या. उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. मी रोज त्याच उतारावरून दुचाकीवर मुलीला घेऊन येतो. प्रत्येक ट्रकगणिक आरशात बघतो. तुमची डिझेलची बचत आमच्या पाठीवर होते.

आंबा_घाट_रोज
मी इंजिन बंद करत नाही! मला त्या ट्रकवाल्याच्या ओळीत बसवू नका. १५ वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला.

गॅरेजवाला_सांगली
भाऊ, ओरखडा नाही हे खरं असेल. पण घाटावरून आलेल्या डिस्क मी बघतो. तापून निळ्या पडलेल्या, पॅडचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत. ही डिस्क न्यूट्रलवाल्याची, हे मी चाक काढताच सांगतो. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा, हे आम्हाला उस्तादाने पहिल्या महिन्यात शिकवलं.

आणि चिपळूणकर, तुमचं एक मानतो. हबचा गंज काढायला आमच्याकडची पोरं कंटाळा करतात, तुम्ही काढलात. जुने पॅड आणि डिस्क गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला हवेत, जाडी बिलावर लिहायला हवी. मी लिहीत नव्हतो. उद्यापासून लिहीन. पण मागे इलेक्ट्रिक हँडब्रेकवाली गाडी असेल तर घरी क्लॅम्प घेऊन बसू नका. स्कॅनरने हँडब्रेकची मोटर मागे घेतल्याशिवाय पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) दाबलात तर ती तुटते.

तेराचा_पाना
माझ्या गाडीला मागे डिस्क नाही, बंद डब्यासारखा ड्रम ब्रेकच आहे. तो उघडायचा झाला तर सांगलीला तुमच्याकडे आणीन, पण समोर उभा राहून बघणार.

गॅरेजवाला_सांगली
या. स्टूल देतो.

आंबा_घाट_रोज
परवा साखरप्याला उतरतोय. तिसऱ्या गिअरमध्ये उतरून बघेन. ताईंच्या वडिलांचं वाचून ब्रेक ऑइलची टाकी मात्र आत्ताच उघडून बघितली. काळं आहे.