मदत हवी आहे: बूट बटण न दाबता ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर बोर्डावर प्रोग्राम कसा चढवावा?

सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असलेल्या ३० पिनांच्या ईएसपी३२ बोर्डावर आर्डुइनो आयडीई या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम चढवताना ‘कनेक्टिंग’ या शब्दापुढे ठिपक्यांची रांग लांबत जाते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. मात्र त्याच वेळी बूट बटण दाबून धरल्यास काम बिनबोभाट होते. बोर्ड पंपाच्या बंद पेटीत बसवायचा असून तेथे वाय-फाय नसल्यामुळे बिनतारी अपलोडचा पर्याय नाही, आणि दर वेळी पेटी उघडणे व्यवहार्य नाही.

डेटा वाहून नेणारी दुसरी केबल, ड्रायव्हरची पुनर्स्थापना, ९२१६०० ऐवजी ११५२०० हा वेग आणि दुसरा संगणक, हे सर्व करून पाहिले आहे. चिप सुरू होताना ज्यांची स्थिती तपासते त्या जीपीआयओ ० आणि १२ या पिनांना काहीही जोडलेले नाही. चढवलेला प्रोग्राम व्यवस्थित चालतो, त्यामुळे ईएसपी३२ चिपविषयी शंका वाटत नाही. संशय आहे तो डीटीआर-आरटीएस या सिरियल पोर्टच्या नियंत्रण संकेतांवरून आपोआप रीसेट करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडणीवर.

ईएन (चिप रीसेट करणारी पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, असा उपाय सर्रास सुचवला जातो. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा बोर्ड कोणाच्याही मदतीशिवाय सुरू होणे आवश्यक असल्याने, यांपैकी नेमके कोणते मूल्य घ्यावे आणि मोठ्या मूल्यामुळे त्या वेळी बोर्ड सुरू होण्यात अडथळा येतो का?