टीव्ही गेमवर मारिओची टास मूव्ही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी हुकते, टायमिंग किती ठेवावं?

भुसावळ_९पिन

राम राम मंडळी. मे महिन्यात जळगावला मुलांच्या शिबिरात टास (फ्रेम-फ्रेम थांबून, मागे जाऊन जुळवलेला वेगवान खेळ; त्यातल्या बटनांची नोंद म्हणजे मूव्ही) म्हणजे काय ते दाखवायचं आहे. लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये (टीव्ही गेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नाही, खऱ्या टीव्ही गेमवर. म्हणजे पॅडच्या जागी आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लावायचा आणि मारिओ त्याने खेळायचा.

सामान असं आहे: ६० पिनची कॅसेट घेणारा जुना टीव्ही गेम, ९ पिनचं पॅड, मेनूवाली बहु-गेम कॅसेट (मारिओ पहिल्याच नंबरवर) आणि आर्डुइनो उनो. मूव्ही २०११ ची, वॉर्प (लेव्हल ओलांडायचे पाइप) वापरणारी ४:५७.३१ ची घेतली आहे, एकूण १७,८६८ फ्रेम. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये ती शेवटपर्यंत नीट चालते. प्रत्येक फ्रेमची एक बाइट करून सगळं उनोच्या फ्लॅशमध्ये भरलं. कोड दर १६.६४ मिलीसेकंदांनी पुढची बाइट उचलतो आणि गेमने विचारलं की एकेक बिट बाहेर देतो.

पहिल्या गूम्बालाच मारिओ धडकतो. १६.६४ चे २० मिलीसेकंद केले तर पुढे जातो, पण कधी पाइपाला अडतो, कधी खड्ड्यात जातो. दोनदा एकाच जागी चुकला असं होत नाही. नेमका आकडा किती टाकायचा?

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, आकडा कुठलाही टाका, जमणार नाही. घड्याळ लावून बटनं द्यायची नसतात, तठेच गडबड शे. गेम जेव्हा पॅड वाचतो तेव्हाच पुढची बाइट द्यायची. टास मूव्ही सेकंदांची यादी समजू नका, गेमने किती वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी काय उत्तर मिळालं त्याची ती यादी आहे.

आधी तुमचा संच समजून घ्या. मूव्ही एनटीएससी (जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत) संचासाठीची आहे: प्रोसेसर १.७८९७७३ मेगाहर्ट्झ, २६२ रेषांची फ्रेम, सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम. आपल्याकडचे टीव्ही गेम पाल टीव्हीसाठी बनलेले. त्यातले बरेचसे 'डेंडी' जातीचे, आत यूएमसीच्या यूए६५२७पी आणि यूए६५३८ या चिपा किंवा त्यांचीच नक्कल असलेला काळा गोळा. त्यांचा प्रोसेसर १.७७३४४८ मेगाहर्ट्झवर चालतो, फ्रेम ३१२ रेषांची आणि सेकंदाला ५०.००७ फ्रेम. अस्सल पाल संचापेक्षाही हे वेगळे, कारण डेंडीत व्हीब्लँक (दोन चित्रांमधला रिकामा वेळ) एनटीएससीइतकाच २० रेषांचा ठेवलेला असतो आणि जादाच्या रेषा त्याच्या आधी रिकाम्या जातात. म्हणून जपानी-अमेरिकी गेम यावर न मोडता चालतात, फक्त सहाला पाच या प्रमाणात सावकाश. तुमची ४:५७ ची मूव्ही इथे जवळपास ५:५७ घेईल. शिबिराला वेळ सांगताना हे लक्षात असू द्या.

२० मिलीसेकंदांनी बरं वाटलं ते एवढ्यासाठीच. पण आर्डुइनोचं घड्याळ आणि संचाचं घड्याळ एकमेकांपासून सरकत जातात. एका क्षणी एकच फ्रेम दोनदा दिली जाते किंवा एखादी गळते. ते कुठे होईल हे पॉवर कधी दाबली यावर ठरतं, म्हणून दर वेळी चुकायची जागा वेगळी.

दुसरी गोष्ट लॅग फ्रेमची. काही फ्रेममध्ये, विशेषतः सुरुवातीला आणि लेव्हल भरताना, गेम पॅड वाचतच नाही. मूव्हीच्या एफएम२ फाइलमध्ये त्या फ्रेमचीही ओळ असते. ती तशीच बाइटमध्ये आली तर लॅचवर (गेम पॅड वाचताना देतो तो इशारा) मोजूनसुद्धा मूव्ही पुढे-मागे होईल. एफसीईयूएक्समध्ये लुआ स्क्रिप्ट लावा: प्रत्येक फ्रेमनंतर 'लॅग्ड' फंक्शन विचारायचं, उत्तर खोटं आलं तरच त्या फ्रेमचं पॅड फाइलमध्ये लिहायचं. डेंडीत एका फ्रेमला ३५,४६४ सायकल मिळतात, एनटीएससीत २९,७८० च्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे लॅग सारखा पडेलच असं नाही, म्हणून लॅगच्या ओळी काढलेलीच यादी वापरायची.

हार्डवेअरला हात लावण्याआधी एक चाचणी जरूर करा. एफसीईयूएक्सचं रीजन डेंडी करा आणि ही काढलेली यादी दुसऱ्या लुआ स्क्रिप्टने खेळवा, गेमने पॅड वाचलं तरच पुढच्या बाइटवर जायचं. तिथे राजकन्या भेटली तर यादी बरोबर आहे आणि पुढचा सगळा दोष वायरिंगचा किंवा कॅसेटचा. तिथेच हुकली तर सोल्डरिंग गन तापवू नका.

सोल्डर_चोपडा

वर सांगितलं ते अगदी बरोबर. वायरिंगचं मी सांगतो.

आर्डुइनोने स्वतः बिट-बिट देणं टाळा. मारिओ पॅडच्या पोर्टवर १ लिहून ८ सायकलनंतर ० लिहितो, म्हणजे लॅचची पल्स साडेचार मायक्रोसेकंदांची. त्यानंतर लगेच पहिलं बिट वाचलं जातं. उनोचं डिजिटलराइट एकटंच काही मायक्रोसेकंद खातं, त्यात मिलिसचा (उनोच्या वेळमोजणीचा) इंटरप्ट मध्ये आला की बिट चुकलं. त्यापेक्षा अस्सल पॅडमध्ये जी चिप असते तीच लावा: सीडी४०२१, १६ पिनची. लॅच आणि क्लॉक (एकेक बिट मागणाऱ्या पल्सा) ती सांभाळेल, आर्डुइनोने फक्त आठ बटनं दाबून ठेवायची.

जोडणी अशी: पिन १ ला ए, १५ ला बी, १४ ला सिलेक्ट, १३ ला स्टार्ट, ४ ला वर, ५ ला खाली, ६ ला डावं, ७ ला उजवं. पिन ९ ला संचाची लॅच, १० ला क्लॉक, पिन ३ मधून डेटा बाहेर. ८ आणि ११ ग्राउंडला, १६ ला ५ व्होल्ट. ८ आणि १६ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायांना चिकटूनच लावा. दाबलेलं बटन म्हणजे शून्य व्होल्ट, त्यामुळे बाइट उलटी करूनच पोर्टवर टाका. हे विसरलं तर गेमला सगळी बटनं एकदम दाबलेली दिसतात.

उनोवर ८ ते १३ या पिनांवर सहा बटनं, ए० आणि ए१ वर उरलेली दोन. संचाची लॅच पिन २ लाही द्या आणि तिच्या उतरत्या कडेवर इंटरप्ट ठेवा. लॅच खाली आली की ४०२१ ने आताची बटनं आत घेतलेली असतात, त्याच क्षणी तुम्ही पुढची बाइट मांडायची. मग तुमच्याकडे जवळपास पूर्ण २० मिलीसेकंद आहेत, घाईच नाही. हे उलटं केलंत, म्हणजे चढत्या कडेवर बाइट बदललीत, तर कधी जुनी तर कधी नवी बाइट आत जाईल.

१७,८६८ बाइट उनोच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये आरामात बसतात, पण टेबल प्रोगमेममध्येच (म्हणजे फ्लॅशमध्येच) ठेवा. रॅम फक्त २ केबी आहे.

९ पिनच्या वायरच्या रंगांवर अजिबात भरवसा नको, प्रत्येक कंपनीचे वेगळे. ग्राउंड आणि ५ व्होल्ट मीटरने शोधा: ७८०५ चा (संचातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर) मधला पाय ग्राउंड, तिसरा पाय ५ व्होल्ट, तिथून कंटिन्युइटी लावत पॅडच्या सॉकेटपर्यंत या. लॅच आणि क्लॉक लॉजिक अ‍ॅनालायझरवर लगेच ओळखू येतात. फ्रेममागे एकच पल्स ती लॅच, तिच्या मागून आठ पल्सा ती क्लॉक. ही तपासणी मारिओच्या टायटलवर करा, मेनूवर नको.

भुसावळ_९पिन

४०२१ गोलाणी मार्केटात मिळाली, जोडणी तशीच केली. डेंडी रीजनमध्ये यादी शेवटपर्यंत चालली. खऱ्या संचावर आता दर वेळी एकाच जागी चुकतं: १-१ च्या शेवटी मारिओ झेंड्याच्या काठीला धरून नेहमीसारखा खाली येतो. एम्युलेटरमध्ये झेंडा खाली न येताच तो आत जातो. बाकी पूर्ण १-१ डोळ्यांना सारखीच दिसते. मेनूतून मारिओ पॅडनेच निवडतो, मग वायर बदलून आर्डुइनो लावतो.

पांझराकाठ (धुळे)

एकाच जागी चुकतंय म्हणजे जवळजवळ झालंच. यादी एक-दोन फ्रेम सरकली आहे. झेंड्याची ती युक्ती काठीच्या पायाशी ठोकळ्यात नेमक्या पिक्सेलवर शिरण्याची आहे, एक फ्रेम इकडेतिकडे झाली की सगळ्यात आधी तीच फसते. धावणं आणि साध्या उड्या एका फ्रेमची चूक पचवतात, म्हणून बाकी सारखं दिसलं.

कारण तुमची वायर बदलण्याची पद्धत. मेनूही पॅड वाचत असतो, त्याचे लॅच आर्डुइनो मोजतो किंवा मारिओचे पहिले काही लॅच त्याच्या हाती लागत नाहीत. आर्डुइनो सुरुवातीपासून लावूनच ठेवा आणि मेनूही त्याच्याकडूनच निवडून घ्या: शंभर लॅच रिकामे, मग चार लॅच स्टार्ट, मग पुन्हा रिकामे. मेनूचा शेवटचा लॅच आणि मारिओचा पहिला लॅच यांच्यात काही फ्रेमचं अंतर पडतं, कारण मारिओ आधी मेमरी पुसतो आणि मग पॅड वाचायला लागतो. ते अंतर अ‍ॅनालायझरवर मोजा. ४० मिलीसेकंदांपेक्षा जास्त भरलं तर तोच इशारा धरा: एवढा वेळ लॅच आली नाही की यादीचा काउंटर शून्यावर. पण हे एकदाच, स्टार्ट दिल्यानंतरच. नाहीतर लेव्हल भरताना लॅग पडला की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. आणि एक बारीक गोष्ट: हा काउंटर शून्य करतानाच पहिली बाइट पिनांवर मांडून ठेवा. लॅच उतरल्यावर मांडायला गेलात तर पूर्ण यादी एका फ्रेमने मागे पडते.

एवढं करूनही झेंड्याला चुकलं तर यादीच्या सुरुवातीला एक रिकामी बाइट वाढवून पाहा, मग एक काढून पाहा.

मारिओ या कामाला चांगला का, तर तो त्याचा यादृच्छिक आकडा सुरू होताना स्वतःच ठरलेल्या किमतीवर बसवतो आणि एका फ्रेमला पॅड एकदाच वाचतो. मारिओ ३ घेऊ नका. त्यात आवाजाचे डीपीसीएम नमुने पॅडच्या वाचनात आडवे येतात म्हणून तो दोन वाचनं जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतो, एका फ्रेममध्ये दोन-तीन लॅच येतात. तिथे पहिल्या लॅचनंतर आठेक मिलीसेकंद बाइट तीच धरून ठेवायची खिडकी कोडमध्ये घालावी लागते.

आणखी एक तपासा. बहु-गेम कॅसेटमधला मारिओ पुष्कळदा फेरफार केलेला असतो. टायटलवर १९८५ ची ओळ गायब असेल, जीव तीनपेक्षा जास्त असतील किंवा सुरुवातीला लेव्हल निवडता येत असेल तर ती वेगळी रॉम आहे, तिच्यावर ही मूव्ही बसेलच याची खात्री नाही. तेव्हा एकट्या मारिओची कॅसेट शोधा.

फ्रेमरूल_नंदुरबार

शिबिरात मुलांकडून स्वतःची छोटी मूव्ही करून घेणार असाल तर रीजन आधीच डेंडी ठेवून रेकॉर्ड करा, निम्मी कटकट वाचते. एका लेव्हलपुरती १-१ पुरे. रॅम वॉचमध्ये तीन पत्ते लावा: हेक्स ००५७ वेग, ००८६ आडवी जागा आणि ०७७एफ. वेग धावताना ४० पर्यंतच जातो, म्हणजे फ्रेमला अडीच पिक्सेल. चालताना २४. मुलांना सांगा की हा ४० चा आकडा जिथे खाली आला तिथे फ्रेम गेली, मग मागे जाऊन पुन्हा करा. एवढ्यातच टास काय ते कळतं.

०७७एफ महत्त्वाचा. तो २० पासून ० पर्यंत उतरतो आणि पुन्हा २०. लेव्हल संपल्यावर पुढची लेव्हल या २१ फ्रेमच्या फेऱ्यावरच सुटते. बस ठरलेल्या वेळेलाच निघते, तुम्ही स्टँडवर पाच मिनिटं आधी पोचलात तरी. म्हणून १-१ मध्ये ३ फ्रेम वाचवल्या आणि फेरा तोच राहिला तर हाती काही लागत नाही. वाचवायचं तर पूर्ण २१ फ्रेमच्या हिशोबात, डेंडीवर ०.४२ सेकंद. ८-४ ला (शेवटच्या लेव्हलला) मात्र हा नियम नाही, तिथे एकेक फ्रेम मोजली जाते. सगळ्यात जास्त री-रेकॉर्ड (मागे जाऊन पुन्हा रेकॉर्ड करणं) तिथेच खर्च करावेत.

डावं-उजवं एकदम दाबायचं असेल तर एफसीईयूएक्सच्या इनपुट सेटिंगमध्ये त्याची परवानगी द्यावी लागते. ४०२१ ला त्याचं काही वाटत नाही.

सोल्डर_चोपडा

मे महिना आणि जळगाव म्हणालात म्हणून पॉवरचं सांगतो. उनो यूएसबीवर आणि संच अ‍ॅडॅप्टरवर असं चालवू नका. संच बंद केला तरी आर्डुइनोच्या पिनांतून ४०२१ मार्गे थोडा करंट संचात शिरतो, त्याची रॅम पूर्ण रिकामी होत नाही आणि पुढची सुरुवात गरम स्टार्ट (नुसत्या रीसेटसारखी) धरली जाते. उनोला संचाच्याच ५ व्होल्टवर घ्या, तेव्हा यूएसबी काढलेली हवी. पॉवर देताना संचाचं रीसेट दाबून धरा, दोन सेकंदांनी सोडा, म्हणजे तोवर उनो तयार असतो आणि पहिली लॅच हुकत नाही.

मात्र यामुळे ७८०५ वर भार वाढतो. १० व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि ३०० मिलीअँपियर धरले तर ७८०५ मध्ये दीड वॉट उष्णता होते. हीटसिंक नसताना वॉटमागे सुमारे ६५ अंश वाढ, म्हणजे ९७. हवा ४५ अंशांची असेल तर आत १४० च्या वर, आणि सहनशक्ती १२५ ची. मग पाचव्या मिनिटाला चित्र गोठतं आणि सगळे यादीत चूक शोधत बसतात. ७.५ व्होल्टचा रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टर लावा, उष्णता निम्मी होते. पोलॅरिटी संचावरचं चित्र बघूनच जुळवा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर कमी लोडवर १२ च्याही वर देतो, तो नकोच. ७८०५ ला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पेस्ट लावून घट्ट बसवा आणि झाकण उघडंच ठेवा.